चार हजारांतून चारशे

लग्नाच्या एका दिवसात, दोन छायाचित्रकार कामाला असतील तर, हळदीपासून पाठवणीपर्यंत तीन-चार हजार फोटो सहज निघतात. अल्बममध्ये त्यांतले दीडशे-दोनशे लागतात आणि घरच्यांना पेनड्राइव्हवर फार तर 400 द्यायचे असतात. म्हणजे दहांतले नऊ फोटो कुणीतरी पाहून बाजूला काढावे लागतात. व्यवसायात या कामाला ‘कलिंग’ म्हणतात, बरेच जण नुसतेच ‘सॉर्टिंग’ म्हणतात; साध्या मराठीत ही छाटणी. कॅमेऱ्याच्या जाहिरातीत तिचा उल्लेख नसतो आणि नवशिके छायाचित्रकार दर ठरवताना ती हिशेबातही धरत नाहीत. प्रत्यक्षात 4,000 फोटोंपुढे दोन-दोन सेकंद थांबले तर सव्वादोन तास जातात आणि पाच-पाच सेकंद थांबले तर साडेपाच तास. रंग सुधारणे, चौकट कापणे, अल्बमची मांडणी करणे हे सगळे त्याच्यानंतरचे.

दोन सेकंदांचे पाच सेकंद होण्याची कारणे दोन. पुढचा फोटो पडद्यावर आणायला संगणक वेळ लावतो, आणि तो आला की ठरवायला माणूस वेळ लावतो. पहिल्या विलंबावर सॉफ्टवेअरकडे चोख इलाज आहे. दुसऱ्यावर सॉफ्टवेअरची मदत होते, पण खरा इलाज पद्धतीचा असतो. महागडे सॉफ्टवेअर घेऊनही ज्यांचे तास वाचत नाहीत, त्यांचे घोडे बहुधा इथेच अडलेले असते.

फिल्मच्या काळात या कामाचा आवाकाच लहान होता. 35 मिलिमीटरच्या रोलमध्ये फोटो 36. रोल धुतला की त्याच्या पट्ट्या एका कागदावर शेजारी शेजारी ठेवून निगेटिव्हच्याच मापाची छाप काढायची. ती कॉन्टॅक्ट शीट. संपादक भिंग लावून ती पाही आणि हव्या त्या चौकटीभोवती मेणाच्या पेन्सिलीने लाल रेघ ओढी. सगळा रोल एका नजरेत येत असल्यामुळे लागोपाठचे फोटो आपोआप ताडून पाहिले जात. आजच्या सॉफ्टवेअरमधला ‘ग्रिड’ हा त्या कागदाचाच वारसदार आहे.

त्या काळातले एक प्रकरण मात्र छाटणी करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे आहे. मंदीच्या वर्षांतले अमेरिकेचे ग्रामीण जीवन टिपण्यासाठी तिथल्या सरकारने 1935 मध्ये एक छायाचित्र विभाग उभा केला. ज्या खात्यात तो होता त्याचे नाव पुढे फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन झाले. डोरोथिया लँग, वॉकर एव्हान्स, बेन शान असे छायाचित्रकार त्या विभागासाठी हिंडत होते. विभागप्रमुख रॉय स्ट्रायकर जे फोटो नापसंत करी, त्यांच्या निगेटिव्हना कार्यालयातल्या पंचने सरळ भोक पाडले जाई. पुन्हा छापायची सोयच उरत नसे. छायाचित्रकारांनी यावर नाराजी दाखवली आणि 1930 च्या दशकाच्या अखेरीस हा प्रकार थांबला. भोके पडलेल्या त्या निगेटिव्ह आज लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहेत, आणि फोटोच्या मधोमध काळी टिकली घेऊन जगणाऱ्या त्या माणसांकडे अभ्यासक आता निवडलेल्या फोटोंइतक्याच कुतूहलाने पाहतात. स्ट्रायकरची नजर वाईट नव्हती; त्याने निवड करणे आणि नष्ट करणे ही दोन कामे एका हाताने एकाच वेळी केली, एवढेच चुकले.

डिजिटल कॅमेऱ्याने रोलची मर्यादा काढून टाकली. मध्यम किमतीचे कॅमेरेही आता सेकंदाला दहा-वीस फोटो काढतात. सोनीने 2023 मध्ये जाहीर केलेल्या अल्फा 9 थ्री या कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला 120 आहे, म्हणजे एका सेकंदात तीन रोलांहून जास्त. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो आणि अक्षता उडतात, त्या तीन-चार सेकंदांत छायाचित्रकार बटणावरचे बोट उचलत नाही. त्याने का उचलावे? पण रात्री संगणकासमोर बसल्यावर त्याच्या वाट्याला त्या एका क्षणाचे साठ-सत्तर फोटो येतात आणि हवा असतो एकच.

आता संगणक का रेंगाळतो ते पाहू. व्यावसायिक फोटो बहुधा रॉ स्वरूपात साठवले जातात. रॉ फाइलमध्ये तयार चित्र नसते. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांच्या गाळण्यांची जाळी बसवलेली असते. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी ती रचना शोधली आणि 1976 मध्ये तिचे पेटंट मिळाले. या जाळीमुळे प्रत्येक बिंदू एकाच रंगाचा प्रकाश मोजतो. त्या बिंदूचे उरलेले दोन रंग आजूबाजूच्या बिंदूंवरून अंदाजाने काढावे लागतात. 24 मेगापिक्सेलच्या फोटोत असे 2 कोटी 40 लाख बिंदू असतात. त्यावर रंगांचा समतोल, गोंगाट (नॉइज) कमी करणे, धार काढणे असे संस्कार होतात आणि मग फोटो दिसतो. एका फोटोला हे काम सेकंद-दीड सेकंदाचे असले तरी चार हजारांना ते जीवघेणे होते.

यावरची युक्ती फाइलच्या पोटातच आहे. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो दाखवता यावा म्हणून कॅमेरा प्रत्येक रॉ फाइलमध्ये स्वतः तयार केलेली एक जेपेग प्रतही ठेवतो. छाटणीसाठी तेवढी पुरते. कॅमेरा बिट्स या अमेरिकन कंपनीचे ‘फोटो मेकॅनिक’ हे सॉफ्टवेअर वृत्तपत्रांच्या आणि खेळांच्या छायाचित्रकारांत रुजले ते याच युक्तीवर. ते रॉ फाइल उलगडतच नाही, आतली जेपेग उचलून दाखवते, त्यामुळे कळ दाबायच्या आत पुढचा फोटो हजर असतो. सामना चालू असताना मध्यंतरात फोटो कार्यालयात पोचवायचे असतात, तेव्हा रंगसुधारणेपेक्षा हा वेग मोलाचा. याच सॉफ्टवेअरमध्ये खेळाडूंच्या नावांसाठी आखूड खुणा ठरवता येतात. संघाचे लघुरूप आणि जर्सीचा क्रमांक टाइप केला की फोटोखालच्या ओळीत पूर्ण नाव उमटते. छाटणी आणि ओळी लिहिणे एकाच बैठकीत उरकते.

ॲडोबी कंपनीचे लाइटरूम 2007 मध्ये बाजारात आले, ते वेगळ्या विचाराने. त्यात फोटोंची नोंदवही, म्हणजे कॅटलॉग असतो आणि निवड, रंगसुधारणा, छपाई सगळे एकाच छताखाली होते. सोय मोठी, पण वेगाच्या बाबतीत लाइटरूमने वापरणाऱ्यांचे बरेच बोल खाल्ले. 2017 पासून लाइटरूम क्लासिकमध्येही फोटो आत घेताना कॅमेऱ्याच्याच जेपेग प्रती वापरण्याचा पर्याय आला. ज्यांना तो नको असतो ते रात्री झोपण्यापूर्वी मोठ्या मापाचे ‘प्रिव्ह्यू’ तयार करायला लावतात आणि सकाळी छाटणीला बसतात. हाही मार्ग चांगला आहे. संगणकाचे काम संगणकाने माणूस समोर नसताना करावे.

जेपेग प्रतीवर विसंबताना एक सावधगिरी हवी. ती कॅमेऱ्याच्या आवडीने रंगवलेली असते, तिच्यात कॉन्ट्रास्ट जास्त असतो. शालूची जर किंवा नवरदेवाचा पांढरा फेटा जेपेगमध्ये कोरा पांढरा दिसतो, पण रॉमध्ये त्याचे तपशील शाबूत असू शकतात. तेव्हा केवळ प्रकाश जास्त झालेला दिसतो म्हणून फोटो लगेच बाद करू नये. ‘फास्टरॉव्ह्यूअर’सारखे सॉफ्टवेअर रॉ माहितीचाच हिस्टोग्राम दाखवते, शंका आली तर निकाल त्याने द्यावा.

पाहण्याआधीची तयारी कंटाळवाणी असते आणि म्हणूनच ती टाळली जाते. कार्ड लावून त्याच्यावरच छाटणी सुरू करणे सर्वांत वाईट. आधी सगळे फोटो हार्ड डिस्कवर आणावेत, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि दोन्ही उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये. कॅमेरे फाइलला चार आकडी क्रमांक देतात. 9999 नंतर पुन्हा 0001 येतो, त्यामुळे एकाच लग्नात एका नावाच्या दोन फाइली निघू शकतात. फाइल आणतानाच नावात तारीख आणि वेळ घातली की हा घोळ मिटतो. दोन छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यांची घड्याळे जुळलेली नसतील तर सप्तपदीच्या मध्येच जेवणाच्या पंगती दिसू लागतात. एकाच क्षणाचे दोघांचे फोटो शोधून घड्याळांतला फरक काढता येतो आणि लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढ्या मिनिटांनी एका कॅमेऱ्याच्या सगळ्या वेळा एका झटक्यात सरकवता येतात. क्रम लागला की निम्मी छाटणी सोपी होते, कारण सारखे फोटो शेजारी येतात.

खुणांचे प्रकार तीन. झेंडा दोनच गोष्टी सांगतो, हवा की नको. तारे एक ते पाच असतात. रंगांचे लेबल दर्जा सांगत नाही, उपयोग सांगते: अल्बमसाठी एक रंग, घरच्यांना द्यायला दुसरा, स्वतःच्या जाहिरातीसाठी तिसरा. लाइटरूममध्ये पी दाबला की पसंत, एक्स दाबला की बाद, यू दाबला की खूण पुसली जाते. कॅप्स लॉक चालू ठेवला तर खूण होताच पुढचा फोटो आपोआप समोर येतो. हात माउसकडे न जाता डावा हात खुणेच्या कळेवर आणि उजवा बाणाच्या कळेवर राहिला, की लय सापडते. फोटो मेकॅनिकमध्ये टी दाबून खूण होते. कळा वेगळ्या, तत्त्व तेच.

पहिल्याच फेरीत तारे देण्याचा मोह बहुतेकांना होतो, आणि वेळ तिथेच गळतो. हा फोटो तीनचा की चारचा, हा प्रश्न चार हजार वेळा स्वतःला विचारला तर माणूस थकतो आणि दुपारचा ‘चार’ सकाळच्या ‘तीन’एवढाच उरतो. पहिल्या फेरीत प्रश्न एकच असावा: ठेवायचा की नाही. तारे दुसऱ्या फेरीत, शिल्लक राहिलेल्यांना.

दुसरा प्रश्न खूण कोणत्या फोटोंना करायची हा. वाईट फोटो शोधून बाद करत जाणे स्वाभाविक वाटते, पण तांदूळ निवडताना खडे वेचतो ते खडे थोडे असतात म्हणून. इथे दहांत एक ठेवायचा असतो, तेव्हा ठेवायचा तो वेचावा आणि बाकीच्यांवरून नुसते पुढे जावे. कळा दाबण्याचे प्रमाण एकदम खाली येते. नजरेचाही फरक पडतो. दोष शोधणारा माणूस निर्दोष पण निर्जीव फोटो ठेवत जातो, कारण त्यात बाद करण्यासारखे काही सापडत नाही. वेचणारा माणूस फोटोत काही आहे का ते पाहतो. लाइटरूममध्ये ‘रिफाइन’ नावाची एक आज्ञा यासाठीच आहे: ती न निवडलेल्यांना बाद ठरवते आणि निवडलेल्यांची खूण पुसून त्यांना पुढच्या फेरीसाठी कोरे करते. दोन-तीन फेऱ्यांत चार हजारांचे चारशे होतात आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा बरीच लहान असते.

लागोपाठच्या फोटोंना मात्र एकेक करून पाहणे व्यर्थ. अक्षतांचे ते साठ फोटो काढण्याच्या वेळेनुसार एका गठ्ठ्यात बांधता येतात. गठ्ठा उलगडून सहा-सात फोटो एकाच वेळी पडद्यावर मांडावेत. लाइटरूममध्ये एन कळ, डार्कटेबल या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ‘कलिंग’ नावाचाच वेगळा नजारा. मांडलेल्यांतला सर्वांत कच्चा फोटो काढत गेले की उरतो तो निवडलेला. दोनच उरले आणि ठरत नसेल तर कुठलाही एक घ्यावा. इतका वेळ पाहूनही फरक दिसत नसेल, तर अल्बम पाहणाऱ्या काकूंना तो दिसणार नाही.

फोटो तीक्ष्ण आहे की नाही हे पूर्ण फोटो पाहून कळत नाही. 24 मेगापिक्सेलचा फोटो फुल एचडी पडद्यावर मावतो तेव्हा त्याच्या बारा-चौदा बिंदूंमागे जेमतेम एक दिसत असतो; थोडी हललेली किंवा फोकस चुकलेली चौकटही त्यात छान दिसते. तपासायचे तर शंभर टक्के मोठे करून डोळे पाहावे लागतात. पण प्रत्येक फोटो मोठा करून पाहिला तर दोन सेकंदांचे सात होतात. म्हणून मोठे करून पाहणे गठ्ठ्यातल्या शेवटच्या दोन-तीन उमेदवारांपुरते ठेवावे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दोन फोटो शेजारी मांडून एकाच वेळी मोठे करता येतात आणि एकाला सरकवले की दुसराही सरकतो.

हे सगळे यंत्रावर सोपवण्याचा प्रयत्न गेल्या काही वर्षांत जोरात सुरू झाला आहे. आफ्टरशूट, नॅरेटिव्ह सिलेक्ट अशी सॉफ्टवेअर फोटोंचे गठ्ठे आपणच बांधतात, मिटलेले डोळे हेरतात, धूसर फोटो वेगळे काढतात आणि प्रत्येक गठ्ठ्यातला एक पुढे करतात. धूसरपणा मोजण्याची सर्वांत साधी रीत अशी: शेजारच्या बिंदूंमध्ये उजेड किती झपाट्याने बदलतो ते सगळ्या फोटोभर मोजायचे. कडा धारदार असतील तर बदल मोठे आणि विखुरलेले येतात, धूसर फोटोत ते सपाट होतात. चेहरे आणि डोळे ओळखायला लाखो फोटोंवर शिकवलेली न्यूरल नेटवर्क वापरली जातात.

गठ्ठे बांधणे आणि उघड धूसर फोटो हेरणे ही दोन कामे यंत्र खरोखर चांगली करते. अडते ते अर्थापाशी. मंगळसूत्र बांधले जाताना नवरीचे डोळे मिटलेले असतात. पाठवणीच्या वेळी आई तोंडावर पदर धरते. ढोल-ताशा पथकातल्या पोराचे टिपरू मुद्दाम हललेले ठेवलेले असते, त्याशिवाय त्यात आवाज दिसत नाही. यंत्राच्या लेखी हे तिन्ही फोटो सदोष. उलट, कॅमेऱ्याकडे पाहून हसणाऱ्या अनोळखी पाहुण्याला ते अव्वल गुण देते. शिवाय आजीचा सबंध लग्नात एकच फोटो असेल तर तो कितीही कच्चा असो, ठेवावाच लागतो. ही बाजू चेहरे ओळखण्याच्या सोयीने थोडी सावरता येते. लाइटरूम आणि डिजीकॅममध्ये चेहऱ्यांना नावे दिली की निवडलेल्या चारशेंत मामा, आत्या, आजी सगळे आले का ते पाहता येते आणि कुणी राहिले असेल तर बाद गठ्ठ्यातून त्यांना परत आणता येते. म्हणून यंत्राचा निकाल फोटो पाहण्याचा क्रम ठरवायला वापरावा, डिलीट करायला नाही.

केलेल्या खुणा कुठे साठतात हे सॉफ्टवेअर बदलायची वेळ येईपर्यंत कुणी विचारत नाही. ॲडोबीने 2001 मध्ये आणलेली एक्सएमपी ही पद्धत आता बहुतेकांनी स्वीकारली आहे. रॉ फाइलशेजारी त्याच नावाची एक छोटी मजकूर-फाइल तयार होते आणि तारे तिच्यात लिहिले जातात. म्हणून तारे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात सुखरूप जातात. झेंड्यांचे तसे नाही, लाइटरूमचे झेंडे बराच काळ त्याच्या कॅटलॉगातच राहत असत. रंगांचीही गंमत आहे. फाइलमध्ये रंग नसतो, त्याचे नाव लिहिलेले असते. ॲडोबीच्याच ब्रिजमध्ये लाल लेबलाचे मूळ नाव ‘सिलेक्ट’ आणि लाइटरूममध्ये ‘रेड’; नावे जुळवून घेतली नाहीत तर एकाच कंपनीच्या दोन सॉफ्टवेअरना एकमेकांचा लाल ओळखता येत नाही. सॉफ्टवेअर बदलण्याची शक्यता असेल तर पसंतीचा फोटो म्हणजे एक तारा, एवढा साधा संकेत ठेवावा.

पैसे न मोजताही हे सगळे होते. डिजीकॅम आणि डार्कटेबल ही मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात. घरगुती वापरासाठी एक्सएनव्ह्यू एमपी आणि फास्टस्टोन इमेज व्ह्यूअर फुकट आहेत आणि नुसते भराभर पाहण्यात ती चपळ आहेत.

घरातल्या संग्रहाचा, म्हणजे फोन आणि जुन्या डिस्कांवरच्या फोटोंचा प्रश्न वेगळा. तिथे सरस-निरस ठरवण्यापेक्षा एकाच फोटोच्या पाच प्रती शोधणे मोठे काम असते. दोन फाइली तंतोतंत सारख्या असतील तर फाइलमधल्या माहितीवरून काढलेला ठसा, म्हणजे हॅश, जुळतो आणि निर्णय शंभर टक्के खात्रीचा असतो. पण व्हॉट्सॲपने फोटो पाठवताना तो लहान करून नव्याने दाबलेला असतो; डोळ्यांना फोटो तोच, संगणकाला फाइल वेगळी. यासाठी दिसण्यावरून ठसा काढतात. एक रीत अशी: फोटो आक्रसून 9 गुणिले 8 करड्या चौकोनांचा करायचा आणि प्रत्येक ओळीत डावा चौकोन उजव्याहून उजळ आहे का, हे नोंदवायचे. 64 हो-नाहीची एक ओळ मिळते. दोन फोटोंच्या ओळींत चार-पाच जागीच फरक असेल तर फोटो बहुधा एकच. डिजीकॅमही आपल्या पद्धतीने असे सारखे फोटो शोधून देते, आणि किती सारखे असले म्हणजे सारखे मानायचे ते ठरवू देते. तो आकडा फार सैल ठेवला तर एकाच सोफ्यावर बसलेले दोन वेगळे वाढदिवस एक होतात.

प्रतींतली कोणती ठेवायची, तर मोठ्या आकाराची आणि जिच्यात काढल्याची मूळ तारीख शाबूत आहे ती. व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीत कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख नसते. तिच्या नावातली तारीख फोटो फोनवर आल्याची असते, म्हणून चाळीस वर्षांपूर्वीच्या मुंजीचा फोटो परवाच्या मंगळवारी जाऊन बसतो. शुभ सकाळच्या गुलाबांचे तर विचारूच नये. भारतातले फोन या चित्रांनी तुडुंब भरतात हे गूगलच्याही लक्षात आले, आणि 2017 च्या अखेरीस भारतात आणलेल्या त्यांच्या फाइल्स ॲपमध्ये अशी चित्रे हुडकून एकत्र काढून टाकण्याची सोय केली गेली. ॲपलने 2022 मध्ये आयफोनच्या फोटोंत दुहेरी प्रतींचा वेगळा अल्बम दिला. दोन प्रती एकत्र करताना तो चांगली प्रत ठेवतो.

डिलीट करण्याची वेळ सगळ्यात शेवटी येते. व्यावसायिक कामात अल्बम घरी पोचून काही महिने उलटेपर्यंत बाद फोटो ठेवतात, कारण एखादे काका ‘आमचा स्टेजवरचा फोटो कुठे?’ असे विचारतातच. मग बाद गठ्ठा एकदा छोट्या चित्रांच्या रूपात झरझर पाहून एकत्र पुसला जातो. फोनवर मात्र पुसण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते. गूगल फोटोज किंवा आयक्लाउड चालू असेल तर ती दुसरी प्रत नसते, फोनचेच प्रतिबिंब असते. फोनवर त्या ॲपमधून फोटो पुसला की तिकडचाही जातो. आयफोनवर पुसलेले फोटो साधारण 30 दिवस आणि गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेले फोटो 60 दिवस कचरापेटीत राहतात, त्यानंतर ते परत मिळत नाहीत. म्हणून मोठी छाटणी करण्यापूर्वी सगळा संग्रह एकदा वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवतात, आणि मगच कळेला हात लावतात.